दोन पिवळे

राखेच्या बुधवारी सकाळी कपाळाला राख लागली की वसईत दिवसभर एकच प्रश्न चालतो, "यंदा काय सोडलंस?" विचारणाऱ्याला तुमच्या उत्तराशी काही देणंघेणं नसतं. आपण स्वतः काय सोडलं हे सांगायला त्याला निमित्त हवं असतं.

सोडण्याच्या बाबतीत आमचे लोक मोठे हिशेबी. काहीजण ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात आंबा सोडतात. हे लोक आधी कॅलेंडर बघतात. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. तो मार्चअखेरीस असला तर आंबा सोडण्याइतकं स्वस्त पुण्य नाही, कारण तोवर आंबा बाजारात फारसा आलेला नसतो. 2011 साली ईस्टर 24 एप्रिलला आला, तेव्हा या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्यानंतर त्यांच्यातले बरेचजण फणसाकडे वळले.

शुक्रवारचं तर विचारूच नका. चौदा वर्षांवरच्या कॅथलिकाने उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस खायचं नाही, मासळी चालते, असा नियम आहे. ज्यांनी तो केला त्यांनी वसईच्या बाजारातलं पापलेट पाहिलेलं नसावं. कोंबडीचा त्याग करून माणूस भरलेलं पापलेट, कोळंबीचं कालवण आणि वर तळलेले बोंबील घेऊन बसतो आणि पाहुण्याला सांगतो, "आज शुक्रवार ना, साधंच केलंय." खरा उपवास, म्हणजे एक वेळचं पुरं जेवण आणि बाकी किरकोळ, हा वर्षातून दोनच दिवस सक्तीचा. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. माझ्या एका नातलगाला साठावं लागलं तेव्हा त्याने पेढे वाटले. दिवस राखेच्या बुधवारचाच होता.

तर अशा आमच्या धर्मग्रामात यंदा फादरांनी प्रवचनात वेगळीच टूम काढली. काय सोडता ते महत्त्वाचं नाही म्हणाले, कुणाच्या सोबतीने सोडता ते बघा. मोहाशी एकट्याने झुंजायला जाऊ नका. एक मित्र धरा, त्याला आपलं दुखणं सांगा, आणि "काय रे, कसं चाललंय?" असं तोंडावर विचारायचा हक्क त्याला द्या. हे ऐकताच अख्ख्या देवळात माना वळल्या. प्रत्येकजण आपल्याहून ढिला माणूस शोधत होता.

मिस्सेनंतर आम्ही तिघे नेहमीप्रमाणे चर्चच्या मागच्या ओट्यावर बसलो. मास्तर, मोटरमन आणि मी. मास्तर मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. मोटरमनने हयात विरार ते चर्चगेट आणि परत अशी काढली. मीही काढली, पण मागच्या डब्यात, उभ्याने.

"फादरांचा मुद्दा चांगला आहे," मास्तर म्हणाले, "पण पुरावा सगळा उलटा आहे. आदामाला सोबत होती म्हणूनच फळ हातात पडलं. रानात सैतानाने प्रभूला गाठलं तेव्हा जवळ एकही मित्र नव्हता. तिथे सैतानाची डाळ शिजली नाही. आता गेथशेमानेची बाग घ्या. पेत्र, याकोब, योहान, तिघे खास निवडून नेलेले. काम काय, तर जागे राहा. तिघेही झोपले. उठवलं, परत झोपले. परत उठवलं, परत झोपले."

"रात्रपाळी होती रे त्यांची," मोटरमन कळवळून म्हणाला. "जेवण झालेलं, द्राक्षारस झालेला, वर बागेतला गार वारा. डोळा लागणारच. आम्हाला त्यासाठी केबिनमध्ये डेडमॅन हँडल असतं. हात ढिला पडला की गाडी आपोआप थांबते. पेत्राच्या हातात तसलं काहीतरी द्यायला हवं होतं."

"बरं, पुढे क्रूस उचलायला कोण मिळाला?" मास्तर थांबायला तयार नव्हते. "क्रुसाच्या वाटेवर पाचवं स्थान आठवा. कुरेनेकर शिमोन. बिचारा गावाकडून येत होता, त्याला सैनिकांनी धरून कामाला लावलं. बारांपैकी एकजणही तिथे नाही. ईयोबाचे मित्र बघा. अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथवर मित्र म्हणून त्यांना शंभरपैकी शंभर. मग त्यांनी तोंड उघडलं."

इतका भक्कम पुरावा विरुद्ध असूनही आम्ही तिघांनी त्याच ओट्यावर एकमेकांना धरायचं ठरवलं. कारण सरळ होतं. दुसऱ्या कुणी आम्हाला विचारलं नव्हतं.

कोण काय सोडणार याची चर्चा फार चालली नाही, कारण आपलं सांगण्याआधीच दुसऱ्याने ते ओळखलेलं होतं. मास्तरांनी फॉरवर्ड सोडावेत असं आम्ही दोघांनी एका श्वासात सांगितलं. पहाटे पाचला कमळावरचं दव, सहाला विचारमोती, सातला मेंदूच्या दुर्लक्षित शक्तीविषयी कुठल्याशा डॉक्टरचं निवेदन, असा त्यांचा रतीब असे. माझ्याबद्दल त्या दोघांचं एकमत व्हायला तेवढाही वेळ लागला नाही. परनिंदा. मला ते जरा लागलं, पण नाकारणार कसं? नोकरीची सगळी वर्षं विरार लोकलमध्ये गेली. तिथे माणूस दुसरं करणार काय? पुस्तक उघडायला जागा नसते, तोंड उघडायला लागत नाही. बोरिवली येईपर्यंत साहेबाचं आटपायचं, अंधेरीपर्यंत साहेबाच्या बायकोचं, आणि दादरला उतरणाऱ्याचं तो उतरल्यावर.

मोटरमन काय सोडतो ते आम्ही विचारलं नाही. त्याने दारू सोडून बरीच वर्षं झाली आहेत. आमच्याकडे कित्येकजण राखेच्या बुधवारी बाटली बंद करतात, ते चाळीस दिवस मोठ्या रुबाबात मिरवतात आणि ईस्टरच्या दुपारी सोरपोतेलाबरोबर सगळी थकबाकी चुकती करतात. या लोकांकडे मोटरमन फार सहनशीलतेने बघतो. "माझं तेच," तो म्हणाला. "आजच्यापुरतं."

मग खुणा ठरल्या. मोटरमनने त्या रेल्वेतूनच आणल्या. मोह लांबून दिसायला लागला की व्हॉट्सअॅपच्या गटावर "दोन पिवळे" लिहायचं. म्हणजे सावध, पुढचा सिग्नल पिवळा आहे. मोह समोर उभा राहिला की "पिवळा", म्हणजे थांबायची तयारी ठेवा. आणि "लाल" कधी लिहायचं? मास्तर म्हणाले, पडल्यावर. मोटरमन उसळला. "लाल म्हणजे थांबायचं असतं, मास्तर! लाल ओलांडला तर आमच्यात चौकशी लागते, नोकरीवर येतं. तुमच्यात नुसतं पापनिवेदन. म्हणून तुम्ही लोक सिग्नलला भीत नाही." लाल बाद झाला.

व्हॉट्सअॅपवरच्या या गटाला मास्तरांनी "गेथशेमाने" असं नाव दिलं. नाव लगेच सार्थ झालं. रात्री दहानंतर तिघांनीही तो म्यूट करून ठेवला होता. गटावर पहिला संदेशही मास्तरांचाच पडला. संयमाचं महत्त्व सांगणारं सूर्योदयाचं चित्र. वर लिहिलं होतं, अनेक वेळा पुढे पाठवलेलं.

पहिल्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर आम्ही ओट्यावर जमलो तेव्हा मास्तर संत ऑगस्टीनला घेऊन आले. आपल्या कबुलीजबाबात त्याने लिहिलंय की सोळाव्या वर्षी त्याने पोरांबरोबर शेजारच्या झाडावरची नासपती चोरली. भूक नव्हती. घरी याहून चांगली नासपती होती. थोडी चाखली, बाकीची डुकरांना टाकली. आणि पुढे तो पानंच्या पानं हा एकच प्रश्न उकरत बसतो की हे मी का केलं. त्याचं उत्तर असं की एकटा असतो तर केलंच नसतं.

"म्हणजे मित्र वाईट," मी म्हटलं.

"थांबा. त्याचा मित्र अलिपियस ऐका." मास्तरांचा आवाज वर्गातला झाला. अलिपियस कायदा शिकायला रोमला गेला. ग्लॅडिएटरांच्या झुंजींची त्याला किळस होती. एके दिवशी जेवून येणाऱ्या मित्रांनी त्याला ओढत आखाड्यात नेलं. तो म्हणाला, न्या, शरीर माझं न्या, पण डोळे मी उघडणार नाही. आणि खरंच डोळे घट्ट मिटून बसला. कान मात्र मिटता येत नाहीत. कुणीतरी पडला, गर्दीतून आरोळी उठली, आणि आपण काहीही पाहून ते तुच्छ लेखू शकतो अशा खात्रीने त्याने डोळे उघडले. संपलं. त्या दिवशी तो बाहेर पडला तो पुढच्या झुंजीची वाट बघतच. इतकंच नाही, नंतर तो इतरांनाही ओढून न्यायला लागला.

हे ऐकून मला अलिपियसबद्दल फार आपुलकी वाटली. आळीतल्या रोझरीला मी असाच जातो. डोळे मिटलेले, हातात माळ, आणि मागच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणतं, "त्यांच्या सुनेचं कळलं का?"

गंमत अशी की हाच अलिपियस मिलानमधल्या एका बागेत ऑगस्टीनच्या पाठोपाठ गेला होता. 386 सालची गोष्ट. आत्म्याची ओढाताण, रडणं, केस उपटणं असा सगळा प्रकार ऑगस्टीनने तिथे केला, आणि अलिपियस होता तिथेच बसून राहिला. काही बोलला नाही. उपदेश नाही, पाण्याचा ग्लास नाही. पुढच्या वर्षी ईस्टरला दोघांचा बाप्तिस्मा संत अंब्रोजच्या हातून एकाच वेळी झाला. मला विचाराल तर ऑगस्टीनला सोबती अचूक मिळाला होता. आखाड्यात तोंडघशी पडलेला माणूस बागेत रडणाऱ्याला काय उपदेश करणार?

दुसऱ्या आठवड्यात मास्तर जॉन वेस्लीवर आले. आमचे मास्तर पक्के कॅथलिक, पण वाचायला मेथडिस्टही वर्ज्य नाहीत. या वेस्लीने 25 डिसेंबर 1738 रोजी, म्हणजे ऐन नाताळात, जग केक खात असताना, छोट्या मंडळांची नियमावली लिहून काढली. आठवड्यातून एकदा जमायचं आणि प्रत्येकाला तेच ठरलेले प्रश्न विचारायचे. मागच्या भेटीनंतर कोणती पापं केलीस, कोणते मोह आले, त्यातून सुटलास कसा. मंडळात घेण्याआधीही विचारायचं की तुझे सगळे दोष आम्ही तुला आडपडदा न ठेवता सांगावेत अशी तुझी इच्छा आहे का?

"यासाठी मंडळ कशाला?" मोटरमन म्हणाला. "माझी सासू हे फुकट करते."

तरी आम्ही प्रयोग करून पाहिला. मास्तरांनी मला विचारलं, या आठवड्यात कोणते मोह आले? मी प्रामाणिकपणे सांगायला लागलो. मंगळवारी बँकेच्या रांगेत अमुकतमुक भेटला, त्याने बंगल्याच्या वाटणीवरून भावाशी काय केलं ते मला सांगावंसं वाटलं होतं, पण मी गिळलं. "काय केलं?" मास्तर पुढे सरकले. मी म्हटलं, तेच तर गिळलं. मास्तर म्हणाले, मोहाचं स्वरूप कळल्याशिवाय मार्गदर्शन कसं करणार? मग मी स्वरूप सांगितलं. सविस्तर सांगितलं. मोटरमनने घड्याळ बघितलं आणि शांतपणे फोन काढून, आम्ही दोघे समोर बसलेले असताना, गटावर टाकलं, "दोन पिवळे."

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. ख्रिस्ती समाजात निंदानालस्ती होत नाही. आमच्यात प्रार्थनेसाठी माहिती देतात. "त्याच्यासाठी जरा प्रार्थना करा हो, परत सुरू झालंय त्याचं," एवढं म्हटलं की पाप गळून पडतं आणि माहिती उरते. ऐकणारा म्हणतो, "अरेरे! कधीपासून?" हे कधीपासून प्रार्थनेला आवश्यक असतं, कारण देवाला तारीख माहीत नसते. मग किती घेतो, कुठे बसतो, बायको काय म्हणते, माहेरी गेली का, असं करत प्रार्थना पूर्ण होते. हात जोडायचे तेवढे राहून जातात. फादरांच्या सोबत्यांच्या योजनेमुळे या प्रार्थनेला यंदा बहर आला. कोण कुणाचा सोबती, कुणाला कशासाठी, इतका ताजा माल आमच्या आळीत पूर्वी कधी आला नव्हता. याकोबाने आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं सांगितलंय, ते "एकमेकांची" असं आळीने वाचलं असावं.

उपवासकाळाच्या मध्यावर एका ओळखीच्यांकडे पन्नाशीचा वाढदिवस होता. उपवासकाळात लग्नं नसतात, पण माणसं पन्नाशीची होतात त्याला इलाज नाही. हॉलमध्ये केक, फुगे आणि सरबत असं अगदी पवित्र वातावरण होतं. खाण्याचे फुगे, गरम गरम. हॉलच्या मागे मात्र दोन गाड्यांच्या डिक्या उघड्या होत्या, आणि पुरुषमंडळी एकेक करून "जरा हवा खाऊन" येत होती. मी आत एका घोळक्यात होतो. विषय होता यजमानांच्या व्याह्यांचा, आणि मी त्याच्या ऐन मोक्यावर आलो होतो. एवढ्यात खिशातला फोन थरथरला. मोटरमन. "पिवळा."

मी वाक्य अर्ध्यात टाकून धावलो. व्याह्यांचं पुढे काय झालं ते त्या घोळक्याला आजपर्यंत कळलेलं नाही. मागे गेलो तर डिक्यांपासून थोडं लांब, माझ्याच स्कूटरवर, मोटरमन लिंबूसरबत घेऊन बसला होता. मी शेजारी उभा राहिलो. काय बोलायचं ते सुचेना. उपदेश करावा तर माझ्या तोंडात अजून अर्धे व्याही होते. मग आम्ही नायगावच्या नव्या पुलाबद्दल बोललो, वसईच्या केळ्यांच्या भावाबद्दल बोललो, फुगे खाल्ले.

जरा वेळाने त्याने आपण होऊन एक गोष्ट सांगितली. ती त्याला चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, बैठकीत कळलेली. 1935 चा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस, दारू सोडून काही महिने झालेले, धंद्याच्या कामाने ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी आला. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, आत हसण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चेसची यादी. त्याने फोन उचलला आणि एका पाळकाला विचारलं, तुमच्या गावात एखादा दारुडा आहे का, ज्याच्याशी मी बोलू शकेन?

"मला वाचवणारा कुणी आहे का, असं नाही विचारलं त्याने," मोटरमन म्हणाला. "पाळकाला किती विचित्र वाटलं असेल बघ."

फोनामागून फोन करत दुसऱ्या दिवशी त्याची डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. डॉक्टर स्वतः त्या दिवशी बेजार अवस्थेत. पंधरा मिनिटांवर एक मिनिट देणार नाही असं ठरवून आलेला तो माणूस सहा तासांवर बसला. त्याच वर्षी 10 जूनला त्याने शेवटचा पेला घेतला, आणि ए.ए. आपला वाढदिवस तोच धरते.

"अरे, पण तुला आत्ता..." मी डिक्यांकडे बघितलं. "फार ओढ लागली होती का?"

मोटरमनने ग्लासातली लिंबाची फोड बोटाने काढून खाल्ली. "तुझा आवाज हॉलच्या बाहेर ऐकू येत होता," तो म्हणाला.

पिवळा नक्की कुणासाठी होता हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. ग्लास मात्र त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

त्यानंतर ओट्यावरच्या बैठकीत वेस्लीचे प्रश्न बंद झाले. मास्तरांचे फॉरवर्ड बऱ्यापैकी आटले. आटले म्हणजे, एक माणूस दिवसातून काही मोजके पाठवतो तेवढे. मी मोटरमनला रोज रात्री नऊला फोन करायला लागलो. तो मद्यापासून लांब आहे ना हे बघायला, असं मी घरी सांगतो. फोन उचलला की तो पहिलं विचारतो, "आज कुणाबद्दल?" आणि आम्ही दोघे मिळून मास्तरांना फोन करतो, कारण रात्री नऊनंतर त्यांचा अंगठा वळवळायला लागतो.

ईस्टरनंतर फादरांनी विचारलं, तुमचा गट कसा चाललाय? मास्तर म्हणाले, हे दोघे पुष्कळ सुधारले. मोटरमन म्हणाला, मास्तर सुधारले. मी काही बोललो नाही, आणि याची दोघांनीही नोंद घेतली. फादर खूश झाले आणि त्यांनी आमच्याकडे चौथा माणूस पाठवला. सज्जन, इस्त्रीचा सदरा, रोज मिस्सेला. गटात यायचं म्हणाला. तुमचा मोह काय, मास्तरांनी विचारलं. त्याने बराच विचार केला. "तसं खास काही नाही," तो नम्रपणे म्हणाला. "तुम्हाला मदत होईल म्हणून यावं म्हटलं."

तो गेल्यावर ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. असा माणूस गटात घेणं फार धोक्याचं, यावर तिघांचं एकमत होतं. पण फादरांनी पाठवलेला, नाही म्हणणार कसं? शेवटी मीच तोडगा काढला. त्याच्या बायकोला विचारू. वहिनींचा नंबर माझ्याकडे होता. फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला, आणि म्हटलं, "वहिनी, आम्ही त्यांना गटात घेतोय, म्हणून जरा विचारायचं होतं. त्यांची एखादी खोड, म्हणजे लहानशी..."

"भाऊजी, बसलाय का उभे आहात?" वहिनी म्हणाल्या. "बसा."

आम्ही बसलेलेच होतो. अजून नीट बसलो. वहिनींनी साखरपुड्यापासून सुरुवात केली. घराच्या हप्त्यांपर्यंत आल्या तेव्हा मास्तर कागद-पेन घेऊन बसले होते, आणि मी "अरेरे, कधीपासून?" असं विचारलं, तेवढ्यात माझा फोन स्पीकर चालू असतानाच हातात थरथरला. मोटरमन शेजारीच बसून टाईप करत होता.

"दोन पिवळे."

"थांब रे," मी फोनवर हात ठेवून कुजबुजलो, "प्रार्थनेसाठी माहिती घेतोय."